अस्सल बरहुकूम नक्कल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझा भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो. चाळिशी गाठलेला, संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारा गृहस्थ. मागे एका रविवारी त्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, आज मी एक पत्र पाण्यात बुडवलं."

मी म्हटलं, "बाबा रे, आमच्या कवितेत पत्रं आसवांनी भिजतात. तू थेट बादलीत बुडवलंस?"

"बुडवलं. पण काहीच उमटलं नाही. नुसता लगदा झाला."

हा काय प्रकार, ते आधी सांगतो. १९९० साली निन्टेंडो कंपनीने 'स्टारट्रॉपिक्स' नावाचा व्हिडिओ गेम अमेरिकेत आणला. माइक नावाचा मुलगा आपल्या काकांना भेटायला एका बेटावर जातो. काका की मामा, ते इंग्रजीत कळायला मार्ग नाही. माझ्या भाच्याने अर्थातच त्यांना मामा ठरवून टाकलं आहे. हे गृहस्थ पुरातत्त्वज्ञ, आणि ते बेपत्ता झालेले. खेळाच्या खोक्यात सूचना-पुस्तिकेबरोबर त्यांचं एक खरंखुरं, कागदावरचं पत्र ठेवलेलं असे. खेळ बराच पुढे गेला, की पडद्यावर निरोप येतो : ते पत्र पाण्यात भिजव. मग खेळणाऱ्याने जागेवरून उठायचं, पत्र पाण्यात धरायचं, आणि अदृश्य शाईने लिहिलेला आकडा उमटायचा. ७४७. तो आकडा दिल्याशिवाय पुढची वाट बंद.

भाच्याला आकडा ठाऊक होता. आज तो कुणालाही घरबसल्या शोधता येतो. त्याला आकडा नको होता, तो क्षण हवा होता. म्हणून त्याने इंटरनेटवरच्या एका लिलावात पुस्तिका आणि पत्र असा जोड विकत घेतला. घरी आली ती रंगीत झेरॉक्स. आता झेरॉक्सच्या यंत्राला जे दिसतं, तेवढंच ते उतरवणार. अदृश्य शाई त्याला कुठून दिसावी?

मी हसलो खरा, पण विषय डोक्यातून जाईना. जुन्या खेळांच्या सूचना-पुस्तिकांच्या झेरॉक्स काढायच्या आणि त्या संग्राहकांना ऑनलाइन लिलावात विकायच्या, हा चक्क एक छोटा व्यवसाय आहे. त्यात वाईट काय आणि चांगलं काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आज त्याबद्दलच बोलू या.

मुळात पुस्तिकेला एवढं महत्त्व का आलं? कारण जुन्या खेळांच्या कॅसेटमध्ये जागाच नव्हती. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जगप्रसिद्ध खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आज तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटोसुद्धा त्याहून कितीतरी मोठा असतो. एवढ्याशा जागेत खेळ हलता ठेवायचा की गोष्ट सांगायची? म्हणून कोण कुणाला सोडवायला निघालं आहे, त्या राक्षसाचं नाव काय, कुठल्या बटणाने उडी मारायची, हे सारं कागदावर छापलं जाई. अर्धा खेळ कॅसेटमध्ये आणि अर्धा पुस्तिकेत, असा तो संसार होता.

आपल्याकडे १९९० च्या दशकात असे खेळ आले, ते बहुतेक घरांत नकली यंत्रांच्या रूपाने. पिवळ्या रंगाची कॅसेट, तिच्यावर हजारो खेळ असल्याचा दावा, आणि प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ पुन्हा पुन्हा. पुस्तिका नाहीच. आमच्या मोहल्ल्यातली पोरं एकमेकांच्या अनुभवावर शिकली. भाचाही त्यातलाच. त्यामुळे त्याच्या पिढीला त्या कागदाची ओढ का वाटते, हे मी समजू शकतो. लहानपणी ज्या घराच्या फक्त खिडकीतून आत पाहिलं, त्या घराच्या दाराची किल्लीच ती.

किल्ली हा शब्द मी उगीच वापरला नाही. संगणकावरच्या कित्येक खेळांत पुस्तिका खरोखरच किल्ली होती. फ्लॉपीची नक्कल करणं सोपं होतं. म्हणून खेळ सुरू होताना संगणक विचारायचा : पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीतला अमुक शब्द कोणता? उत्तर आलं नाही, तर खेळ बंद. मग लोक पुस्तिकेचीही झेरॉक्स काढू लागले. त्यावर कंपन्यांनी दुसरी युक्ती केली. १९८९ च्या 'सिमसिटी' या खेळाबरोबर सांकेतिक खुणांचा एक तक्ता येई, तो गडद लाल कागदावर छापलेला. माणसाच्या डोळ्याला तो कष्टाने का होईना वाचता येई. तेव्हाच्या झेरॉक्स यंत्रातून मात्र नुसता काळा कागद बाहेर पडे. म्हणजे पुस्तिका आणि झेरॉक्स यांचं वैर लिलावाच्याही आधीपासूनचं आहे.

हे वैर एकदा न्यायालयातही गेलं. तो किस्सा ऐकण्यासारखा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्लॉकबस्टर नावाची दुकानांची मोठी साखळी होती. सिनेमांच्या कॅसेट आणि व्हिडिओ गेम ती भाड्याने देई. निन्टेंडोला हे मुळीच पसंत नव्हतं. एकाने विकत घ्यायचं आणि शंभरांनी खेळायचं, हा कुठला न्याय? पण अमेरिकेच्या कायद्यात असं आहे, की वस्तू एकदा विकत घेतली, की ती पुढे विकायला मालक मोकळा असतो. गेमची कॅसेट भाड्याने देणं तिथे रोखता येत नव्हतं. मग निन्टेंडोने बोट ठेवलं ते पुस्तिकेवर. भाड्याने नेणाऱ्यांच्या हातून मूळ पुस्तिका हरवायच्या, म्हणून दुकानांत तिच्या झेरॉक्स काढून दिल्या जात. १९८९ मध्ये निन्टेंडोने दावा लावला तो खेळ भाड्याने देण्याबद्दल नव्हे, तर पुस्तिकेच्या झेरॉक्सबद्दल. ब्लॉकबस्टरला झेरॉक्स थांबवावी लागली. मूळ मजकुराऐवजी वेगळ्या लिहिलेल्या सूचना द्याव्या लागल्या, आणि वर्षभराने प्रकरण आपसात मिटलं.

यातला बारकावा लक्षात घ्या. कॅसेट दुकानाच्या मालकीची, पुस्तिकेचा कागदही दुकानाच्याच मालकीचा. पण कागदावरचा मजकूर आणि चित्रं छापण्याचा हक्क दुकानाचा नव्हता. कागद विकत मिळतो, छापण्याचा हक्क त्याबरोबर येत नाही.

आता लिलावाकडे येऊ. १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार या अमेरिकेतल्या तरुणाने इंटरनेटवर लिलावाची एक जागा सुरू केली. तीच पुढे 'ई-बे' झाली. तिथे पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू होती एक मोडकं लेझर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. मोडकी वस्तूही कुणाला तरी हवी असते, हे त्या दिवशी सिद्ध झालं. माळ्यावर पडलेले जुने खेळ मग भराभर बाहेर निघाले. आपल्याकडे 'बाझी डॉट कॉम' ही कंपनी २००४ मध्ये ई-बेने विकत घेतली आणि इथेही तो बाजार भरला. त्यांचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं.

संग्राहकांच्या जगात एकट्या कॅसेटला एक भाव असतो, आणि खोकं, पुस्तिका, नकाशा, सगळं जिथल्या तिथे असलेल्या संचाला दुसरा. हा दुसरा भाव पुष्कळदा काही पटींनी जास्त असतो. कारण उघड आहे. कॅसेट प्लास्टिकची, ती टिकते. पुस्तिका पोरांच्या हाती पडते, फाटते, भिजते, रद्दीत जाते. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात 'सुपर मारिओ ६४' या खेळाची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. गंमत बघा, त्या खोक्यातली पुस्तिका कुणीच उघडून पाहणार नाही. पाहिली, की भाव कोसळला!

तर अशा बाजारात एखाद्याकडे खोकं आहे, कॅसेट आहे, फक्त पुस्तिका नाही. मोह इथे होतो. कुणाकडून तरी मूळ पुस्तिका मिळवायची किंवा तिची संगणकावर उतरवलेली चित्रं घ्यायची, रंग सुधारायचे, गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट काढायची, मध्ये दुमडून दोन पिना मारायच्या. खर्च थोडा. मग ती लिलावात ठेवायची. प्रामाणिक माणूस वरच ठळक लिहितो, ही पुनर्मुद्रित प्रत आहे. दुसरा ते वर्णनाच्या शेवटी, बारीक अक्षरात टाकतो. तिसरा काहीच लिहीत नाही, नुसता फोटो टाकतो. फोटोत काय कळणार? फोटो ही स्वतःच एक नक्कल. नकलेच्या फोटोत नक्कल ओळखायची कशी?

हातात आल्यावर मात्र ओळखता येते. भिंग घ्या. जुन्या ऑफसेट छपाईत चित्रं बारीक रंगीत ठिपक्यांची असतात, पण काळी अक्षरं सहसा सलग शाईत, स्वच्छ कडांची असतात. नकलेत यंत्राने अख्खं पान चित्र म्हणून उतरवलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडाही कुरतडल्यासारख्या दिसतात. ठिपक्यांवर ठिपके पडून चित्रात कधी कधी लाटांची नक्षी उमटते. मच्छरदाणीवर मच्छरदाणी धरली की दिसते तशी. लेझर प्रिंटची पूड कागदात मुरत नाही, वर बसते. म्हणून घडीवर ती तडकते आणि पांढरी रेघ दिसते. आणि सगळ्यात सोपी खूण : मूळ पुस्तिकेच्या पानावर पडलेली जुनी चुणी नकलेत डोळ्याला दिसते, पण बोटाला लागत नाही. मला ही खूण फार आवडली. डोळा फसतो, बोट फसत नाही.

आता मूळ प्रश्न. अशी नक्कल विकणं चूक की बरोबर? माझ्या मते इथे तीन वेगळी माणसं उभी आहेत आणि तिघांचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला खेळणारा. तो विचारतो, वाचता येतं का? त्याला उडीचं बटण आणि नकाशा हवा आहे. झेरॉक्स असली तरी त्याचं काम होतं. 'स्टारट्रॉपिक्स'च्या पत्रासारखा अपवाद सोडला, तर त्याची काही तक्रार नाही.

दुसरा संग्राहक. तो विचारतो, हीच का ती? त्याला मजकूर नको, त्या काळातून आलेला कागद हवा. त्याला नक्कल अस्सल म्हणून दिली, तर ती सरळ फसवणूक. आणि हे नुकसान एकट्या ग्राहकाचं नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल एक गाजलेला निबंध लिहिला. या विषयावरच्या कामासाठी २००१ मध्ये ते अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. सांगणं साधं आहे. माल खरा की खोटा हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो खऱ्यालाही पुरती किंमत देत नाही. मग खरा माल असणारा बाजारातून निघून जातो आणि उरतो तो खोटा माल. म्हणजे गप्प राहून विकलेली एक नक्कल शेजारच्या दहा अस्सल पुस्तिकांचाही विश्वास खाते.

तिसरा हक्काचा मालक, म्हणजे ती कंपनी. ती विचारते, छापायला कुणी सांगितलं? अमेरिकेत कंपनीच्या नावावरच्या अशा प्रकाशनाचा हक्क प्रसिद्धीपासून ९५ वर्षं चालतो. १९९० ची पुस्तिका २०८५ अखेरपर्यंत कंपनीची. 'नक्कल आहे' असं ठळक लिहिलं, तरी हा प्रश्न सुटत नाही. प्रामाणिकपणाने फसवणूक टळते. परवानगी मिळत नाही. लिलावाच्या मोठ्या संकेतस्थळांच्या नियमांतही विनापरवाना प्रतींना मनाई असते आणि हक्कदाराने तक्रार केली, की त्या काढून टाकल्या जातात.

आपल्याकडे झेरॉक्स म्हटलं की लोकांना दिल्ली विद्यापीठाचा खटला आठवतो. विद्यापीठाच्या आवारातल्या दुकानात विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतल्या प्रकरणांच्या झेरॉक्स करून विकल्या जात, म्हणून मोठे प्रकाशक न्यायालयात गेले. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. पण तो कौल शिक्षणासाठी होता. संग्राहकाच्या कपाटातली रिकामी जागा भरणं हे शिक्षण नव्हे. ती पळवाट इथे चालायची नाही.

मग काय, साऱ्या नकला जाळून टाकायच्या? तसंही नाही. खेळांबरोबर कागदी पुस्तिका देण्याची पद्धत आता जवळजवळ संपली. युबीसॉफ्ट या मोठ्या कंपनीने २०१० मध्येच कागद सोडून पडद्यावरच्या पुस्तिकेकडे वळत असल्याचं जाहीर केलं. ज्या जुन्या आहेत, त्यांचा कागद दिवसागणिक पिवळा पडतो आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या इतिहासाचं काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानाने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज दुकानात कुठल्याही रूपात विकत मिळत नाहीत. खेळच मिळत नाही तिथे पुस्तिका कोण छापणार? अशा वेळी काही छांदिष्ट माणसं स्वतःच्या पैशाने पुस्तिका गोळा करतात, एकेक पान संगणकावर उतरवतात आणि इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहालयात सगळ्यांसाठी फुकट ठेवतात. कायद्याच्या काटेकोर नजरेत त्यांचीही बाजू पक्की नाही. पण ते कुणाला फसवत नाहीत आणि उद्याच्या वाचकासाठी काही राखून ठेवतात. याच फुकट ठेवलेल्या चित्रांच्या प्रिंट काढून लिलावात विकणारेही आहेत, ही त्यातली खंत.

मला यावर माझे अब्बा आठवतात. ते तहसील कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत कारकून होते. नकला करून देणं हेच त्यांचं काम. झेरॉक्स यायच्या आधी ते हातानेच नकला लिहीत. कुणाची जमीन, कुणाचं वाटणीपत्र. लिहून झालं की अक्षरन् अक्षर मुळाशी ताडून पाहायचे, खाली लिहायचे 'अस्सल बरहुकूम नक्कल', मग सही, तारीख, शिक्का. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "अब्बा, नक्कल म्हणजे तर खोटं ना?" ते म्हणाले, "नक्कल खोटी नसते बेटा. नक्कल असून अस्सल म्हणवते, ती खोटी."

अमेरिकेतही असा शिक्का आहे. तिथे १९७३ च्या एका कायद्याने जुन्या नाण्यांच्या प्रतिकृतींवर 'कॉपी' हा शब्द उमटवणं सक्तीचं केलं. नाणी जमवणाऱ्यांना संरक्षण मिळालं. खेळांच्या पुस्तिका त्या कायद्यात बसत नाहीत. पण कायदा नसला म्हणून शिक्का मारायला कुणी अडवलेलं नाही. पाठच्या पानावर, निघणार नाही अशा शाईत, एक शब्द. आज प्रामाणिकपणे विकलेली नक्कल दहा वर्षांनी तिसऱ्याच्या हाती जाते, तेव्हा विकणाऱ्याचा खुलासा तिच्याबरोबर जात नाही. शिक्का जातो.

माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या प्रती केव्हाच संपल्या. एकदा एक विद्यार्थी त्याची झेरॉक्स घेऊन सही मागायला आला, कोपऱ्यात पिना मारलेली. मी आनंदाने सही केली आणि सहीखाली अब्बांचे ते तीन शब्द लिहिले. पुढे कुणी ती विकायला काढलीच, तर घेणाऱ्याला कळावं.

भाच्याने विकणाऱ्याला कळवलं. पैसे परत मिळाले. परवा पुन्हा फोन आला. एका म्हाताऱ्या बाईंनी घर आवरताना काढलेल्या सामानात त्याला खरं पत्र मिळालं होतं. कोरडं, एकदाही न भिजवलेलं.

मी विचारलं, "मग? बुडवलंस?"

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाही मामू. आता हिंमत होत नाही."

"मग एक कर," मी म्हटलं, "त्याची एक झेरॉक्स काढून ठेव. आणि तिच्या मागे 'झेरॉक्स' असं स्पष्ट लिही."